भाजी, ‘ड’ वर्ग

फाइल उघडायला सव्वीस मिनिटं लागत होती. तीन दिवस घड्याळ समोर ठेवून मी ही वेळ मोजली. पहिल्या दिवशी पंचवीस, दुसऱ्या दिवशी सव्वीस, तिसऱ्या दिवशी सत्तावीस.

फाइल बाबांची, घरखर्चाच्या हिशेबाची. बाबा कुरखेड्यात राहतात. ते कोषागार खात्यात लिपिक होते आणि नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी वेगवेगळ्या तालुक्यांत बसून सरकारी बिलं तपासली. निवृत्तीनंतर त्यांनी संगणक घेतला, त्यावर घरगुती हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि त्या दिवसापासून घरात आलेला व घरातून गेलेला प्रत्येक रुपया त्यात नोंदवला. वेळ दुपारी चारची. ऑफिसात कॅशबुक जुळवायला ते याच वेळी बसत.

आई दोन वर्षांपूर्वी वारली. त्यानंतर बाबांना दोनदा मेंदूचा सौम्य झटका येऊन गेला. हातपाय शाबूत राहिले. आठवण काही दिवस असायची, काही दिवस नसायची. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, ज्या सवयी टिकून आहेत त्या मोडू देऊ नका, एकदा मोडली की परत लागणार नाही. मी घरी येऊन यादी केली. सकाळचं फिरणं सुटलं होतं. पौर्णिमेला विहारात जाणं सुटलं होतं. पेपर हातात धरत, वाचत नसत. चारची नोंद तेवढी उरली होती.

तिच्या आड ही सव्वीस मिनिटं आली होती. बाबा चारला खुर्चीवर बसायचे, बटण दाबायचे, हातात दिवसभराच्या पावत्या धरायचे. पडद्यावरचं चक्र फिरत राहायचं. पंधराएक मिनिटांनी ते हातातल्या कागदांकडे बघायचे आणि विचारायचे, “मी इथी काऊन बसलो?” सांगितलं की मान हलवायचे. फाइल उघडेपर्यंत पुन्हा विचारायचे. दोनदा त्यांनी भिंतीवरचं बटण बंद करून टाकलं आणि जाऊन पलंगावर पडले. त्या दोन दिवसांच्या नोंदी फाइलमध्ये नाहीत. आधीच्या सगळ्या वर्षांत, आई गेली तो दिवस धरूनसुद्धा, एकही दिवस सुटलेला नव्हता.

म्हणून मी चार दिवसांची रजा टाकून चंद्रपूरहून आले. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. सहाशे शब्दांची बातमी अडीचशेत बसवायची, हे माझं रोजचं काम. फाइल लहान करणं यापेक्षा वेगळं असेल असं मला वाटलं नाही.

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. त्यांचं घर गावाबाहेरच्या तळ्याजवळ, घरातले पुरुष मासेमारी करतात. आईच्या वेळेपासून त्या येतात. पहिल्या दुपारी संगणकावरचं चक्र बघत त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या.

“ताई, हे कम्प्युटर आहे का डिपोतली एसटी? गरम होऊन राह्यली अन् जागची हालत नाई.”

बाबा म्हणाले, “तुमी भात पाहा.”

“भात तीनदा शिजला असता भाऊ.”

फाइल साडेतीन जीबीची निघाली. नुसत्या नोंदी, म्हणजे तारीख, खातं, रक्कम आणि शेरा, काही थोड्या एमबीत मावल्या असत्या. बाकीचं सगळं वजन फोटोंचं होतं. जवळजवळ प्रत्येक नोंदीला एक फोटो जोडलेला होता, आणि तो मोबाइलमधून निघाला तसा, पूर्ण आकाराचा.

यामागचं कारण मला माहीत होतं. पेट्रोल पंपावर आणि औषधाच्या दुकानात जो गुळगुळीत कागद मिळतो त्यावरची अक्षरं उष्णतेने उमटतात आणि उष्णतेनेच जातात. आमच्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या कपाटातल्या अशा पावत्या एकतर कोऱ्या होतात नाहीतर काळ्या. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाबांच्या सगळ्या पावत्या अशा गेल्या. व्हाउचर नाही तर खर्च मान्य नाही, या नियमावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांनी मोबाइलवर पावत्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. फोटो केबलने संगणकावर घ्यायचा, नोंदीला जोडायचा आणि मोबाइलमधून पुसायचा, कारण मोबाइलमध्ये जागा नव्हती. वर्षानुवर्षं हे चाललं.

फोटोंचा आकार कमी करणं हा सरळ उपाय होता. पेपरात येणारा प्रत्येक फोटो आम्ही लहान करतो. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नव्हती. प्रत्येक फोटो बाहेर काढायचा, लहान करायचा, परत त्याच नोंदीला जोडायचा. मी वीस फोटो करून पाहिले आणि त्या वेगाने हिशेब मांडला. रोज तासभर बसले असते तरी सात महिने लागले असते. याउलट एखादं खातं निवडून त्यातले सगळे फोटो एका वेळी काढून टाकता येत होते. मी दुसरा मार्ग धरला. पहिला शक्य होता, हे इथे नोंदवून ठेवते.

बाबांना विचारल्याशिवाय काही काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या आठवड्यात त्यांचे दिवस चांगले होते. मी सांगितलं, जुन्या पावत्यांचे फोटो काढून टाकावे लागतील, नाहीतर मशीन एक दिवस फाइल उघडणारच नाही.  ते म्हणाले, “असं कोनतं बी नाई काढता येत. वर्गीकरण करा लागते.”

सरकारी कार्यालयात जुन्या कागदांचे चार वर्ग करतात. ‘अ’ कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ काही वर्षं, आणि ‘ड’ वर्षभराने नष्ट करायचा. दरवर्षी अशी छाननी होते, नष्ट करायच्या कागदांची यादी होते, यादीवर सह्या होतात. बाबांनी हे काम पुष्कळ वर्षं केलं होतं. झटक्यानंतर मी त्यांना इतकं स्पष्ट बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी कोरा कागद मागितला, पट्टीने चार रकाने आखले आणि मला म्हणाले, “वाच.”

मी खात्यांची नावं वाचत गेले. पडद्यावर फक्त नावं होती. फोटो बघायचा तर एकेक नोंद उघडावी लागायची.

“पेन्शन.”

“अ.”

“घरटॅक्स.”

“अ.”

“दवाखाना.”

“अ. दवाखान्याचं कधी कामी पडन सांगता येत नाई.”

“वीजबिल.”

“क.”

“पेट्रोल.”

“ड.”

“विहाराची वर्गणी.”

ते थांबले. “ब ठेव.”

“भाजीपाला आणि मासळी, आठवडी बाजार.”

“ड.”

मावशी दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “अन् मी कोनत्या वर्गात भाऊ?”

“तुमी आस्थापनेवर नाई.”

“म्हंजे पगार वाढत नाई. समजली.”

बाबा हसले. मीसुद्धा हसले. ती दुपार चांगली होती.

भाजीपाल्याचं खातं सगळ्यांत मोठं होतं. फाइलचं जवळजवळ अर्धं वजन त्या एका खात्याचं होतं. हे मला विचित्र वाटायला हवं होतं. आठवडी बाजारात पावती कोणी देत नाही. जमिनीवर पोतं अंथरून बसलेली बाई वांग्यांचं बिल फाडत नाही. मग त्या खात्यात एवढे फोटो कसले? हा प्रश्न पाचव्या वर्गातल्या मुलालाही पडला असता. डेस्कवर बातमी कापताना आम्ही खालून कापतो, कारण महत्त्वाचं वर आहे असं धरून चालतो. मी खात्याचं नाव वाचलं, बाबांनी नियम सांगितला, आणि दोघांपैकी कोणीही एकही नोंद उघडून पाहिली नाही.

कापण्याआधी मूळ फाइलची प्रत घ्यायची एवढी अक्कल मी ठेवली. बाबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक पेन ड्राइव्ह होता, त्यावर प्रत घेतली. माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप होता. त्यावर घरचं काही ठेवायचं नाही, हा माझा नियम आहे. प्रत घेतली ती मूळ नावानेच. पेन ड्राइव्ह परत ड्रॉवरमध्ये ठेवला, कारण तो बाबांचा होता.

मग ‘ड’ वर्गातले फोटो काढून टाकले. काढून झाल्यावर फाइल साडेतीन जीबीचीच राहिली. हे सॉफ्टवेअर काढलेली गोष्ट लगेच टाकून देत नाही. जागा रिकामी म्हणून खूण करतं आणि ओझं तसंच वाहत राहतं. ते खरोखर टाकण्यासाठी फाइल आवळण्याची एक वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली की पडद्यावर सूचना येते: ही क्रिया उलटवता येणार नाही. सूचना इंग्रजीत होती. मी ती बाबांना मराठीत सांगितली.

“यादीवर सही झाली का?” त्यांनी विचारलं.

झाली नव्हती. त्यांनी आखलेल्या कागदाच्या माथ्यावर ‘नष्ट करावयाच्या अभिलेखांची यादी’ असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी त्यांच्या सहीखाली सही केली. मग बटण दाबलं. पन्नास मिनिटं लागली. फाइल एकशे नव्वद एमबीची झाली आणि नऊ सेकंदांत उघडली.

त्या दिवशी बाबांनी चार वाजून दोन मिनिटांनी नोंद केली. दूध, ब्रेड, औषध. “हे बेस झालं बेटा,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी गडचिरोलीला गाडी बदलून चंद्रपूरला परत आले.

तीन आठवडे सगळं ठीक होतं. रोज साडेचारला मावशी फोनवर सांगायच्या, भाऊ बसले, भाऊ उठले. मग एका दुपारी त्यांचा फोन साडेतीनलाच आला.

“ताई, भाऊ दोन घंट्यापासून ते मशीन उघडून बसले. फोटू पाहून राह्यले, दिसून नाई राह्यला.”

“कोणता फोटो?”

“बाईचे. बाजारातले. नेहमी पाहाचे ना ते.”

मी विचारलं, बाजारातले म्हणजे कोणते. मावशींनी सांगितलं ते असं. बाजारात पावती मिळत नाही आणि पावतीशिवाय बाबा नोंद करत नाहीत, म्हणून बाबा खरेदीचाच फोटो काढायचे. भाजीवालीसमोर आई पिशवी उघडी धरून उभी, तराजूत वांगी. मासळीच्या पाटीसमोर आई. मोहफुलं घेताना आई, पाऊस लागल्यावर पिशवी डोक्यावर धरून आई. दर आठवड्याला, सगळी वर्षं. आईला ते आवडत नसे. “माह्या तोंडाचं व्हाउचर करून राह्यला हा माणूस,” असं ती मावशींना सांगायची, पण पदर सारखा करून उभी राहायची. ती गेल्यावर बाबा चारची नोंद झाली की त्यातली एखादी नोंद उघडायचे, फोटो बघायचे, बंद करायचे. झटका आल्यावरही ते चालू होतं. मशीन ज्या दिवशी लवकर उघडायची त्या दिवशी.

“तुमाले माहीत नाई?” मावशींनी विचारलं. “मले वाटलं तुमाले माहीत आहे. तुमी त कम्प्युटरवाले.”

मी दुसऱ्या सकाळी पोचले. आधी ड्रॉवर उघडला. पेन ड्राइव्हवर फाइल होती, एकशे नव्वद एमबीची. बाबा दर शुक्रवारी हिशेबाची प्रत त्या पेन ड्राइव्हवर घेत, ही सवय माझ्या यादीत नव्हती. नाव तेच असल्यामुळे नवी प्रत जुनीवर बसायची. त्यांनी तीन शुक्रवार ते काम केलं होतं. सवय टिकली होती. जुन्या प्रतीचं नाव बदलायला मला दहा सेकंद लागले असते.

पेन ड्राइव्ह चंद्रपूरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. दुकानदाराने आठवड्याने सतरा फोटो परत मिळवून दिले. सतराही पेट्रोलच्या पावत्यांचे होते. त्याने पैसे घेतले नाहीत.

आईचे दुसरे फोटो घरात आहेत. लग्नाचा एक, त्यात ती मान खाली घालून आहे. भिंतीवर एक मोठा, तो मतदार ओळखपत्रावरून स्टुडिओवाल्याने केला, मागे निळा पडदा घातला आणि अंगावर तिने कधी नेसली नव्हती अशी साडी रंगवली. बाबा त्या फोटोखालून जाताना वर बघत नाहीत. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, हा कोणाचा लावला.

फाइलमध्ये आईचं जे उरलं ते ‘अ’ वर्गातलं होतं. दवाखान्याच्या खात्यात नऊ दिवसांची बिलं, रक्ताच्या तपासण्या, ॲम्ब्युलन्सची पावती. त्याच खात्यात बाबांनी सरणाच्या लाकडांची, डेपोची पावतीही टाकली होती, कारण तिच्यासाठी वेगळं खातं काढावं लागलं असतं. नियमाप्रमाणे हे सगळं कायम ठेवायचं होतं आणि आम्ही ठेवलं होतं. आता फोटो जोडलेल्या नोंदी शोधताना बाबा तिथेच जाऊन पोचायचे. मी शेजारी बसलेली असताना त्यांनी ॲम्ब्युलन्सची पावती उघडली, पूर्ण वाचली आणि विचारलं, “पेशंट कोन होतं?”

मी सांगितलं.

 त्यांनी पुढची पावती उघडली. दोन दिवसांनी तीच पावती उघडून त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, “घरचंच होतं कोणी,” आणि त्यांना ते पुरलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी तपासणी सुरू केली. मावशींनी फोनवर सांगितलं की भाऊ आता दीड-दोन तास बसतात, बारीक काम करतात, डोळे दुखतात म्हणतात. मला बरं वाटलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनाही बरं वाटलं. रविवारी मी गेले तेव्हा कळलं काय चाललं होतं. बाबा भाजीपाल्याच्या खात्यात पहिल्या वर्षापासून एकेक नोंद उघडत होते. व्हाउचर जोडलेलं नाही, म्हणून शेऱ्यात ‘व्हाउचर आढळून आले नाही, खर्च अमान्य’ लिहीत होते, आणि नोंद काढून टाकत होते. पहिली तीन वर्षं संपली होती. त्या तीन वर्षांत आमच्या घरी कोणी भाजी आणली नव्हती.

“बाबा, ह्या खऱ्या नोंदी आहेत.”

“असतीन. पुरावा कुठी आहे?”

“आपणच काढून टाकले ना ते फोटो. यादीवर सही आहे तुमची.”

त्यांनी ड्रॉवरमधून तो कागद काढला. दोन्ही सह्या बघितल्या. “ही तुही आहे,” माझ्या सहीवर बोट ठेवून ते म्हणाले. मग स्वतःच्या सहीकडे बघत राहिले. “अन् हे कोन?”

फाइल बंद करून टाकणं मला शक्य होतं. पासवर्ड घातला असता की काम संपलं. पण मग चारची सवयही संपली असती, आणि मी जे काही केलं होतं ते तिच्यासाठीच केलं होतं. मी या वेळी प्रत घेतली, नाव बदललं, चंद्रपूरला नेली. फाइल पुन्हा आवळलेली नव्हती, त्यामुळे काढलेली तीन वर्षंही त्या प्रतीतून परत मिळण्यासारखी होती. बाबांना करू दिलं.

त्याचा परिणाम मावशींवर झाला. खर्चाची एक नोंद निघाली की हातातली शिल्लक तेवढ्याने वाढते. फाइलप्रमाणे बाबांच्या कपाटात दर आठवड्याला जास्त रोकड असायला हवी होती. शुक्रवारी ते कपाट उघडून मोजायचे आणि ती नसायची. घरात येणारं बाहेरचं माणूस एकच.

“मावशी, रोकड कमी आहे,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. बिलातली चूक सांगावी तसं सांगितलं.

“भाऊ, मी नेली असती तं ह्या चपलीत आली असती का?” मावशींनी पाय पुढे केला. चपलेला तार गुंडाळलेली होती.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी पुन्हा सांगितलं. मावशींनी पुन्हा ते हसण्यावारी नेलं. तिसऱ्या शुक्रवारी त्या हसल्या नाहीत. मला फोनवर म्हणाल्या, “ताई, माणूस बिमार आहे हे मले समजते. पन माहा पोरगा दारात होता आज. त्यानं आयकलं.” काम सोडते असं त्या म्हणाल्या नाहीत. मला त्यांच्या आवाजात ते ऐकू आलं. त्या गेल्या असत्या तर बाबांना एकट्याने ठेवता आलं नसतं, आणि चंद्रपूरच्या दोन खोल्यांत चारची नोंद झाली नसती.

लहानपणी घरात ऐकलेला एक नियम मला आठवला. हमाली किंवा रिक्षा अशा किरकोळ खर्चाची पावती मिळत नाही. तिथे खर्च करणाऱ्याने प्रमाणपत्र लिहून द्यायचं: एवढी रक्कम अमुक कामासाठी खर्च झाली, पावती मिळाली नाही. सही असली की लेखापरीक्षक ते मान्य करतो. तोवर बाबा आई गेली त्या महिन्यापर्यंत पोचले होते. त्यांनी काढलेल्या नोंदींची यादी मी माझ्या प्रतीवरून केली आणि अर्ध्या पानाचा मजकूर तयार केला. नोंदी पुष्कळ असल्या तरी महिन्याला एक प्रमाणपत्र पुरेसं होतं. त्यात तपशील हवा, नाहीतर बाबा परत पाठवतील, हे मला माहीत होतं. म्हणून मी लिहीत गेले. आठवडी बाजार. वांगी, अंबाडी, तळ्यातली मासळी. खरेदी करणार: आई. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि रानभाज्या घातल्या, उन्हाळ्यात मोहफुलं. कोणत्या आठवड्यात काय आणलं हे मला माहीत नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत मी चंद्रपूरला होते. बाजारात मी आईबरोबर शेवटची कधी गेले तेही सांगता येत नाही. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी लिहायची नाही, हे मी नव्या मुलांना शिकवते. एकशे बारा प्रमाणपत्रं मी त्याच पद्धतीने लिहिली आणि प्रत्येकाखाली सही केली.

दुपारी चारला गठ्ठा बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. वरचं वाचलं, खालचं वाचलं, मधलं एक काढून वाचलं. मावशी दारात उभ्या होत्या.

“नमुना बरोबर आहे,” बाबा म्हणाले. मग बोट माझ्या सहीवर आलं. “ही कोनाची?”

“माझी.”

“खरेदी कोन केली?”

“आईनं.”

“मंग तिची सही पाह्यजे. खर्च करनाराची सही लागते. तू बाजारात होती का?”

“नव्हते.”

“मंग तू कशी करतं?” त्यांनी गठ्ठा नीट जुळवला. टोचणीने भोक पाडून दोरा ओवला, टॅगची गाठ मारली. “नामंजूर नाई करत मी. पेंडिंग ठेवतो. ती आली का सह्या घेऊन घे.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बरं.”

बाबांनी काढलेल्या नोंदी मी त्याच संध्याकाळी माझ्या प्रतीवरून परत आणल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाजीपाल्याच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘प्रलंबित’ असा शेरा घातला आणि काढायचं थांबवलं. प्रलंबित रक्कम ते हातातल्या शिल्लकेत धरत नाहीत. त्यामुळे शुक्रवारी कपाटातली रोकड जुळते आणि मावशींना कोणी काही विचारत नाही. त्या येतात. चपला मी त्यांना नव्या आणून दिल्या, त्याची पावती जोडली आहे.

डॉक्टरांच्या मते परिस्थिती स्थिर आहे. फाइल अजून नऊ सेकंदांत उघडते. महिन्यातून एकदा मी गेले की बाबा ड्रॉवरमधून गठ्ठा काढतात, टॅग सोडतात, वरच्या कागदावर बघतात आणि विचारतात, “सह्या नाई झाल्या अजून?”

“नाही,” मी सांगते.

ते गठ्ठा पुन्हा बांधून ठेवतात.